शटर वर, शटर खाली: वागळे इस्टेटच्या गॅरेजमधला आमचा रोजचा क्रम

आमच्या गॅरेजच्या बोर्डावर वेळ साडेनऊची लिहिलीय, पण शटर नऊलाच वर जातं आणि तेही आधी अर्धंच. ते अर्धंच का, हे कुणी नवीन पोरगा कामाला लागला की त्याला पहिल्या दिवशी सांगावं लागतं, आणि ओळखीतले गॅरेज टाकणारे दोघं-तिघं हल्ली सारखं विचारतात की तुम्ही सकाळी-संध्याकाळी नेमकं काय काय करता, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते.

गॅरेज मामाचं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, मेन रोडच्या आतल्या गल्लीत. मी आधी घोडबंदर रोडला एका डीलरच्या वर्कशॉपला सर्व्हिस ॲडव्हायझर होते, मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा "थोडे दिवस बघ जरा" म्हणून आले आणि मग इथलीच झाले. डीलरकडे सगळं चेकलिस्टवर चालायचं, टिक मारायची नि सही करायची. मामाकडे कागद शून्य, पण हाताला इतक्या सवयी लागलेल्या की बघत राहावं. त्यातल्या अर्ध्या सवयींचं कारण त्याला विचारलं तर "असंच असतं गं" एवढंच उत्तर. पण एकेक सवय धरून बसलं की कळतं, तिच्यामागे कधीतरी काहीतरी घडलेलं आहे. आज आमचा जो क्रम आहे तो या दोन्हीतून आलाय.

तर अर्धं शटर. रात्रभर आत चार-पाच गाड्या उभ्या असतात, पेट्रोलच्या असतात, सीएनजीच्या असतात, आणि ठाण्यात आता सीएनजीच जास्त. एखाद्या गाडीची फ्युएल लाइन रात्रीतून ठिबकली तर पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते, आमच्या जुन्या खड्ड्यात जाऊन साचते (गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा; गाडी उचलणारी लिफ्ट आली तरी तो अजून आहे, टेम्पो आला की लागतो). सीएनजी उलटा, हलका, तो वर पत्र्याखाली जमतो. म्हणजे वास घ्यायचा तर खाली पण घ्यायचा आणि वर पण. मामा शटर कमरेपर्यंत उचलतो, वाकून आत जातो, खड्ड्याच्या कडेला दोन मिनिटं उभा राहतो, मग मागचा दरवाजा उघडतो. तोपर्यंत कुणी कुठल्या बटणाला हात लावायचा नाही. लाइट नाही, पंखा नाही, एक्झॉस्ट फॅन तर अजिबात नाही, कारण लोकांना वाटतं वास आला की एक्झॉस्ट लावावा, पण त्याच्याच स्विचमध्ये नाहीतर मोटरमध्ये ठिणगी पडते. वास आला तर दोन्ही बाजू सताड उघडायच्या आणि बाहेर जाऊन चहा प्यायचा, बस. गाडी चालू करून बाहेर काढायची नाही, ढकलायची.

आमच्याकडे एका टॅक्सीच्या बाबतीत असं झालेलं आहे. शटर उचलल्या उचलल्या तो सडक्या कोबीसारखा वास आला. सीएनजीला मुळात वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो आणि तो कशासाठी मिसळतात ते त्या सकाळी अगदी पटलं. टाकीच्या व्हॉल्व्हपाशी जॉइंट ढिला होता, गाडी आली होती क्लचच्या कामाला, त्यामुळे गॅसकडे कुणी बघितलंच नव्हतं. भरलेल्या टाकीत दोनशे बारपर्यंत प्रेशर असतं, बारीक लिकेज असलं तरी रात्रभरात बराच गॅस बाहेर येतो. तेव्हापासून गाडी कुठल्याही कामाला आलेली असो, सीएनजीची असेल तर रात्री टाकीचा हातव्हॉल्व्ह बंद, आणि सकाळी ज्याच्याकडे त्या गाडीचं काम त्याने आठवणीने उघडायचा.

आणखी एक. आमच्याकडे अगरबत्ती मेन स्विचच्या नंतर लागते. आजूबाजूला बघाल तर शटर वर गेलं की पहिली काडी देवापुढे ओढतात. भावना चांगली आहे, मला त्यात काही बोलायचं नाही, पण गॅरेजमध्ये पहिली काडी ओढायची वेळ ती नव्हे. आधी वास, मग दारं उघडी, मग मेन स्विच, मग उंबऱ्यावर पाणी, आणि मग मामा निवांत गणपतीला अगरबत्ती लावतो. देव्हारा पण काउंटरच्या बाजूला, खड्ड्यापासून लांब.

यानंतरचं काम मला सगळ्यात आवडतं, ते म्हणजे पुठ्ठे वाचायचं. रात्री बंद करताना प्रत्येक गाडीच्या इंजिनखाली एक मोठा पुठ्ठा सरकवायचा, स्पेअर पार्टच्या खोक्यांचे पुठ्ठे ढीगभर असतातच. त्यावर खडूने गाडीचा नंबर आणि बाणाने पुढची बाजू. सकाळी ते पुठ्ठे एकेक करून बाहेर ओढायचे आणि उजेडात बघायचे. काळा चिकट ठिपका म्हणजे इंजिन ऑइल. हिरवा, निळा किंवा गुलाबी, हाताला पाण्यासारखा पण जरा गुळगुळीत लागणारा म्हणजे कूलंट. लालसर असला तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा पातळ डाग असेल तर ब्रेक ऑइल, आणि तो दिसला की बाकी सगळी कामं बाजूला, ती गाडी आधी. नुसतं पाणी असेल तर बहुतेक वेळा एसीचं, ते सोडून द्यायचं. डाग कुठे पडलाय यावरून लिकेज कुठून असेल याचा अर्धा शोध लागतो, उस्ताद (आमचा सगळ्यात जुना फिटर, सगळे उस्तादच म्हणतात) पुठ्ठा बघून सांगतो की हे टायमिंग कव्हरकडून येतंय की ड्रेन बोल्टच्या वॉशरमधून. दिवसा गाडी आत-बाहेर होत असते, खाली ऑइल सांडलेलं असतं, तेव्हा हे काही कळत नाही. रात्रभर एका जागी उभी राहिलेली गाडीच खरं काय ते सांगते. आणि कस्टमरला "लिकेज आहे" असं तोंडी सांगितलं की त्याला वाटतं बिल वाढवतायत, पण त्याच्याच गाडीच्या नंबरचा पुठ्ठा समोर ठेवला की वादच होत नाही. मी तो पुठ्ठा जॉब कार्डसोबत (त्या गाडीच्या कामाच्या नोंदीसोबत) ठेवते, गाडी जाईपर्यंत टाकून देत नाही.

मग कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं मशीन. याचं पाणी खरं संध्याकाळी काढायचं असतं, पण सकाळी ड्रेन कॉक बंद आहे ना, काचेतून ऑइलची लेव्हल दिसतेय ना, बेल्टवर चिरा नाहीत ना, एवढं बघूनच चालू करायचा. टाकी भरत येते तसा आवाज बदलतो, कटऑफला तो स्वतःहून थांबला पाहिजे, नाही थांबला तर प्रेशर स्विच गेलाय. पहिले पाच-सात मिनिटं कुणी एअर गन (हवेवर चालणारी नट खोलायची गन) लावायची नाही, टाकी भरू द्यायची. पोरांना घाई असते, पण अर्ध्या प्रेशरवर गन मारली तर नट सुटत तर नाहीच, वरून कडा गोल होतात.

लिफ्ट दोन खांबांची आहे. सकाळी ती एकदा रिकामी वर-खाली करायची. वर जाताना दोन्ही खांबांतून लॉकचा कट-कट आवाज एकाच वेळी आला पाहिजे, एक आधी आणि एक नंतर असेल तर केबल ढिली आहे, त्या दिवशी लिफ्ट बंद आणि माणूस बोलवायचा. लिफ्टच्या हातांचे रबर पॅड बघायचे, खालचे अँकर बोल्ट बघायचे. या कामात मी कुणालाच घाई करू देत नाही, उस्तादला पण नाही, कारण त्याखाली माणूस उभा राहतो. चार टनांची लिफ्ट आहे म्हणून कुणी तिच्यावर डोळे झाकून विश्वास टाकू नये. गाडी वर घेतली की लॉकवर बसवायची, नुसत्या हायड्रॉलिकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, हे तर भिंतीवर रंगवूनच ठेवलंय.

मग झाडू, मग दहा मिनिटं सगळे उभ्या उभ्या बोर्डासमोर. कुठली गाडी कुणाकडे, कुठल्या गाडीचा पार्ट अडकलाय, कुणाला आज गाडी द्यायचा शब्द दिलाय. पार्टचं असं आहे की नेहमीचं सगळं ठाण्यातच मिळतं, जरा वेगळं असेल तर मुंबईत ऑपेरा हाऊसच्या पार्टवाल्यांना सांगावं लागतं, आणि फारच जुन्या गाडीचं असेल तर उस्ताद स्वतः कुर्ल्याला सीएसटी रोडला जाऊन शोधून आणतो. म्हणून ही यादी सकाळी नाही, आदल्या संध्याकाळी करायची. सकाळी यादी केली की पार्ट संध्याकाळी येतो आणि गाडीचा एक दिवस फुकट जातो.

गाडी आत घेतानाचं फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. किलोमीटर, पेट्रोलचा काटा, चारही बाजूंनी फोटो, आतल्या वस्तू, किल्लीला टॅग. हे कस्टमर समोर असतानाच करायचं, तो गेल्यावर नाही.

आता बंद करायचं. यावर माझं ठाम मत आहे की गॅरेज नीट उघडायचं असेल तर ते नीट बंद झालेलं असलं पाहिजे, सकाळी जेवढं काही अडतं त्यातलं बहुतेक आदल्या रात्री सोडून दिलेलं असतं. म्हणून आमचं काम साडेसातला संपत नाही, सातला संपतं. सातनंतर कुठलाही नट खोलायचा नाही, कस्टमर कितीही ओळखीचा असला तरी. तो अर्धा तास गॅरेज बंद करण्यासाठीचा, आणि तो पगाराच्या वेळेतला आहे. हे मुद्दाम लिहितेय कारण बऱ्याच ठिकाणी पोरांकडून झाडझूड-आवराआवर कामाची वेळ संपल्यावर करून घेतात, मग पोरं काय करतात, ढकलतात सगळं कोपऱ्यात आणि पळतात. त्यांची शेवटची बस असते, लोकल असते, कळव्या-मुंब्र्याला जायचं असतं. त्यांची पण चूक नाही.

वेल्डिंग तर सहालाच बंद. ठिणगी उडून कुठे सीटखाली, कार्पेटखाली, अंडरकोटिंगमध्ये धुमसत राहिली तर ती लगेच दिसत नाही, तास-दीड तासाने धूर येतो, आणि तोपर्यंत गॅरेजमध्ये माणूस असला पाहिजे. गॅसचे सिलिंडर बंद करून पाइपमधला गॅस काढून टाकायचा, नुसती टॉर्चची चावी बंद केली म्हणजे झालं असं नाही.

मग हत्यारं. भिंतीवर प्लायवूडचा बोर्ड आहे, त्यावर प्रत्येक पान्याचा आकार पांढऱ्या रंगाने काढलाय, पाना लागला की पांढरं झाकलं जातं, नसेल तर लांबून दिसतं. मामाने हे कित्येक वर्षांपूर्वी केलंय, डीलरकडे यालाच मोठं नाव होतं. फिटरच्या ट्रॉल्या वेगळ्या, त्यांनी आपापलं मोजायचं. आणि मोजणी जमेपर्यंत आज ज्या गाड्यांचं काम झालं त्यातली एकही बाहेर जात नाही. सगळ्यात जास्त हरवतो तो दहा नंबरचा सॉकेट, कारण बॅटरीचं टर्मिनल, एअर फिल्टरचा बॉक्स, निम्मी कव्हरं सगळी दहाचीच. हरवलेला सॉकेट विकत आणायला पैसे फार लागत नाहीत, प्रश्न पैशाचा नाहीच. तो कुठल्या तरी बॉनेटमध्ये बेल्टजवळ, फॅनजवळ पडलेला असू शकतो. एका संध्याकाळी असाच एक वॅगन आरच्या खालच्या फ्रेमवर सापडला, कस्टमर काउंटरवर बिल भरत होता तेव्हा. चिंध्यांचं पण तेच. इंजेक्टर काढला, मॅनिफोल्ड काढलं की आत काही पडू नये म्हणून तोंडात कापड कोंबतात, आणि साधी बनियन वेस्ट (हात पुसायच्या चिंध्या) कोंबली तर ती काळ्या इंजिनात दिसत नाही. म्हणून त्या कामाला फक्त भगवं कापड, सहा तुकडे आहेत, रात्री सहाचे सहा खिळ्याला लागले पाहिजेत.

टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) डब्यात ठेवताना सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायचं. स्प्रिंग दाबलेली राहिली की हळूहळू ती खोटं सांगायला लागते, मग तुम्ही समजता नट बरोबर बसला आणि तो बसलेला नसतो.

आता अर्धवट राहिलेल्या गाड्यांबद्दल, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गॅरेजमध्ये पूर्ण उघडलेली गाडी धोक्याची नसते, इंजिन खाली ठेवलंय, चाकं नाहीत, ती कोण चालवणार. धोक्याची असते ती पूर्ण झालेली दिसणारी गाडी. चाकं लावलेली, बॉनेट बंद, पुसलेली, आणि आत एक काम बाकी. ते काम ज्याला माहीत आहे तो माणूस सकाळी येईलच असं नाही, त्याला ताप येतो, त्याची लोकल अडकते, त्याच्या गावाला काहीतरी होतं. मामाची सवय होती स्टिअरिंगला लाल फडकं बांधायची. फडकं म्हणजे हात लावू नको. मी त्यात एवढंच वाढवलं की फडक्यासोबत पिवळी मास्किंग टेप स्टिअरिंगच्या मधोमध आडवी मारायची आणि तिच्यावर मार्करने लिहायचं, काय झालं, काय बाकी, कुणाचं काम. आणि अशा गाडीची किल्ली मुख्य बोर्डावर नाही, लाल डब्यात, डब्याला कुलूप, कुलपाची चावी उस्तादकडे किंवा माझ्याकडे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका गाडीच्या पुढच्या ब्रेकचं काम होतं, कॅलिपरची सील किट बदलली, चाकं बसवली, गाडी खाली घेतली आणि सात वाजले. ज्या फिटरने केलं त्याने टेपवर लिहिलं, "पुढचे दोन्ही ब्रेक ब्लीड बाकी, नट हाताने लावलेत टॉर्क बाकी." दुसऱ्या दिवशी सकाळी तो आलाच नाही, मुलाला घेऊन हॉस्पिटलमध्ये होता. आणि नेमका कस्टमर नऊलाच दारात, नाशिकला निघायचं होतं, बायको-मुलं सोबत, बॅगा रिक्षातून उतरवलेल्या. गाडी समोर उभी, चकचकीत. आमचा हेल्पर बिचारा मदत करायला धावला, म्हणाला काढतो बाहेर. बोर्डावर किल्ली नाही म्हणून माझ्याकडे आला, "ताई, त्या गाडीची किल्ली?" मी म्हटलं काचेतून स्टिअरिंग बघ आधी. तो वाचून आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ब्लीड म्हणजे ब्रेकच्या लाइनमधली हवा काढणं, ती हवा राहिली की ब्रेकचं पेडल सरळ खाली जातं, आमच्या गेटपासून रस्ता उतरता आहे, समोर रिक्षा स्टँड. कस्टमरला मी ती टेप काढून तशीच दाखवली. चिडला नाही. उस्तादने ब्लीडिंग केलं, नट टॉर्कवर बसवले, दोघांनी मिळून गल्लीत ट्रायल मारली आणि साडेदहाच्या आसपास ते लोक निघाले. त्या दिवसापासून टेप लिहायचा कंटाळा कुणी करत नाही, मला सांगावं पण लागत नाही.

वायरिंगचं काम उघडं असलेल्या गाडीच्या बॅटरीचा मायनस रात्री काढून ठेवायचाच. आणि चार्जरवर लावलेली बॅटरी रात्रभर सोडायची नाही, यावर मात्र माझं आणि मामाचं सुरुवातीला वाजलं होतं, कारण त्याला सकाळी बॅटरी भरलेली हवी असायची. पण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला तरी पेटायला पुरतो, आणि आमचं गॅरेज रात्री चारी बाजूंनी बंद. आता चार्जिंग दिवसा, मागच्या दाराजवळ, वारा लागेल अशा ठिकाणी.

तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या बादलीत नाही. थिनर-पेट्रोलची चिंधी वाफ सोडत राहते, आणि ऑइल पेंट किंवा वॉर्निश पुसलेल्या चिंध्या ढिगात दाबून ठेवल्या तर आतून आपोआप तापत जातात, पेंटरच्या कोपऱ्यात हे जास्त बघावं लागतं. जमिनीवर सांडलेल्या ऑइलवर भुसा टाकून तो गोळा करायचा, पाणी मारून गटारात लोटायचं नाही. जुनं ऑइल ड्रममध्ये, ड्रमवर तारीख. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ते मोडतं, नव्वद दिवसांच्या वर साठवायचं नाही आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं. गल्लीत रोख पैसे देऊन जुनं ऑइल घेऊन जाणारे फिरतात, भाव पण चांगला देतात, पण ते पुढे कुठे जातं कुणी सांगत नाही. आम्ही देत नाही.

कॉम्प्रेसरचं पाणी आता काढायचं. मेन बंद, मग टाकीखालचा कॉक हळूहळू उघडायचा. आधी दुधी चहासारखं पाणी येतं, ते ऑइल मिसळलेलं असतं, भांड्यात धरायचं, मग नुसता फुस्स आवाज. हवा दाबली की तापते, टाकीत गार होते, आणि तिच्यातला ओलावा पाणी होऊन तळाशी बसतो. जानेवारीत चमचाभर निघेल नाहीतर नाही, पण जुलैत ठाण्याच्या हवेत रोज मगभर निघतं. ते राहिलं तर टाकी आतून गंजते, गनमध्ये पाणी जातं, आणि पेंटरच्या स्प्रेमध्ये थेंब आला की अख्खा दरवाजा पुन्हा घासावा लागतो. शिवाय टाकी भरलेली आणि मेन चालू ठेवून गेलात आणि कुठे बारीक लिकेज असेल तर प्रेशर उतरल्यावर कॉम्प्रेसर रात्री दोनला स्वतःहून चालू होतो. मागच्या चाळीतले लोक झोपेतून उठतात आणि मोटर जळायची वेगळी भीती.

लिफ्ट रिकामी असेल तर पूर्ण खाली. गाडी वर ठेवायचीच वेळ आली तर लॉकवर बसवून. बाहेर उभ्या गाड्या गिअरमध्ये आणि चाकाला लाकडाचा ठोकळा, पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, ब्रेक शू ड्रमला धरतात. उंदीर हा वागळेतला वेगळाच विषय आहे, बॉनेटखाली ऊब मिळते म्हणून येतात आणि वायरिंग कुरतडतात, त्यावर आमचा उपाय म्हणजे गॅरेजमध्ये डबा खायचा नाही, मागच्या ओट्यावर खायचा आणि खरकटं त्याच वेळी बाहेर. डांबर गोळ्या, तंबाखू सगळं करून झालं, खरकटं बंद केल्यावर जेवढा फरक पडला तेवढा कशाने नाही.

गल्ल्याचा हिशोब मी करते. रोख थोडी, बाकी सगळं यूपीआय, जॉब कार्डशी एकेक मिळवायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवर पण अठरा टक्केच जीएसटी झाल्यापासून बिल बनवणं सोपं झालंय, आधी कुठला पार्ट अठ्ठावीसचा आणि कुठला अठराचा हे बघत बसावं लागायचं.

शेवटी किल्ल्या आणि गाड्या मोजायच्या. आत जेवढ्या गाड्या तेवढ्याच किल्ल्या, बोर्ड आणि लाल डबा मिळून. फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे ना, त्याच्यापुढे कुणी टायर लावून ठेवलेला नाही ना. पुठ्ठे सरकवले ना. सीसीटीव्हीची लाइन वेगळी आहे, ती सोडून मेन बंद. शटर खाली, दोन्ही कुलपं, आणि दुसऱ्या कुणीतरी ओढून बघायचं, लावणाऱ्याने नाही.

पावसाळ्यात यात थोडं वाढतं. काउंटरच्या मागच्या भिंतीवर मामाने एक निळी रेघ मारून ठेवलीय, २६ जुलै २००५ ला पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथे. माझ्या मांडीपर्यंत येते. जोराचा पाऊस आणि भरतीची वेळ एकत्र असेल तर संध्याकाळी चार्जर, स्कॅनर, कॉम्प्युटर, नवीन पार्टचे बॉक्स सगळं रेघेच्या वरच्या फळीवर, खड्ड्यावर गाडी ठेवायची नाही, आणि कस्टमरच्या गाड्या शक्य तेवढ्या चढावरच्या रस्त्याला. पाणी शिरलंच तर सकाळी एकाही गाडीला सेल्फ मारायचा नाही, इंजिनात पाणी असलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, हे पोरांना प्रत्येक जूनमध्ये पुन्हा सांगते.

आणि गणपती. आमची निम्मी पोरं कोकणातली, त्यामुळे चार-पाच दिवस गॅरेज पूर्ण बंद असतं. त्याच्या आधीचा आठवडा म्हणजे वेड लागायची वेळ, सगळ्या ठाण्याला मुंबई-गोवा हायवेने गावाला जायचं असतं आणि सगळ्यांना ब्रेक, कूलंट, टायर त्याच आठवड्यात आठवतात. पण तेव्हाही एक नियम पाळतो की सुट्टीच्या आधीच्या रात्री कस्टमरची एकही गाडी आत ठेवायची नाही, काम अर्धवट राहील असं वाटलं तर ती गाडी मुळात घ्यायचीच नाही. ऑइलचा ड्रम रिकामा करून ठेवायचा, चिंध्यांचा डबा रिकामा, गॅरेजच्या स्वतःच्या गाडीची बॅटरी काढलेली, आणि शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे माझा नंबर आणि मामाचा नंबर. परत आल्यावर पहिल्या दिवशी शटर आणखी जास्त वेळ अर्धं ठेवतो, मग लिफ्ट दोनदा वर-खाली, कॉम्प्रेसरचं ऑइल, खड्ड्यात पाणी किंवा उंदीर काय ते बघणं. त्या दिवशी पहिली गाडी दुपारी दोननंतरच आत घेतो, फोन करणाऱ्यांना मी आधीच तशी वेळ देते.